डॅशबोर्ड आणि चार लिंबं

यंदाही ओरत्तनाडूच्या रस्त्यावर भात वाळत घातलंय. अर्धा रस्ता भाताचा, उरलेला अर्धा बसचा. ड्रायव्हर तोंडाने शिव्या देतो, पण दाण्यांवर चाक जाऊ देत नाही, आणि खिडकीतून पेंढ्याचा तो कोमट, किंचित आंबूस वास आत येतो. कुरुवैचं, म्हणजे आमच्याकडे थंडीतल्या पावसाच्या आधी निघणारं भात खळ्यावर आलं की नवरात्र दाराशी आलं हे कॅलेंडर न बघता कळतं. मला मात्र गेल्या वर्षीपासून या पेंढ्याच्या वासात थिनरचा वास मिसळून येतो. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावत नाही त्या अर्थी तो फक्त मलाच येत असणार. आला की मला हसू फुटतं आणि बोटं शिवशिवायला लागतात.

मी तंजावुरात शाळेत गणित शिकवते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत मी आणि अप्पा राहतो. अप्पांची थोरली बहीण, माझी अत्या, ओरत्तनाडूला जमीन सांभाळून राहते, आणि तिच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आमची लॉरी उभी आहे. तिकडे महाराष्ट्रात ट्रक म्हणतात, पण ट्रक म्हटलं की ती मला दुसऱ्या कुणाची तरी वाटते. गोल नाकाची, दोन गालांवर दोन दिवे असलेली ही लॉरी आजोबांनी भात गिरणीत न्यायला घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. तो दोन महिन्यांत पळून गेला, आणि कॉलेज सोडून अप्पाच स्टिअरिंगवर बसले. जमीनवाल्या घरातला मुलगा लॉरी हाकतो म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. अप्पा म्हणतात, नाकं मुरडणाऱ्या सगळ्यांच्या लग्नांची भांडी माझ्याच लॉरीतून गेली.

पुढे लॉरी बंद पडली, शेडमध्ये गेली, आणि इतकी वर्षं तिथे राहिली की सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं की काचबिंदू फार पुढे गेलाय. कडेचं दिसणं जवळजवळ संपलं होतं. समोर लिंबाएवढा तुकडा स्वच्छ उरला होता. ऑपरेशनने गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं टिकलं तर टिकणार होतं, आणि तेही नक्की नाही असं डॉक्टर दोनदा म्हणाले.  रिक्षात बसल्यावर अप्पा म्हणाले, "लॉरी एकदा नव्यासारखी पाहिली पाहिजे, वसू. आयुधपूजेला लिंबांवरून एकदा मीच काढतों. मग काय व्हायचं ते होऊं दे."

आमच्याकडे नवमीला आयुधपूजा. घरातली हत्यारं, मुलांची पुस्तकं, गाड्या, सगळ्यांना गंध-कुंकू. गाडीच्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे घेऊन ती फोडायची, म्हणजे वर्षभराची दृष्ट निघाली. आमच्या लॉरीने कित्येक वर्षांत एक लिंबू फोडलं नव्हतं. ऑपरेशनची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा अत्याने पंचांग पाहून सांगितलं, विजयादशमी, नव्या कामाला याहून चांगला दिवस नाही. पहाटेच ऑपरेशनसाठी मदुरैला निघायचं ठरलं. म्हणजे जे काही करायचं ते नवमीच्या संध्याकाळपर्यंत. उरलेल्या डोळ्यात काय साठवायचं हे एका माणसाने ठरवलं होतं आणि ते वेळेत तयार करून देणं माझ्याकडे होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी दुकानातून घासकागदाचा गठ्ठा घेऊन आले. आधी इंजिन करायचं असतं हे नंतर कळलं.

इंजिन एका मेकॅनिकने जुलैपर्यंत बोलतं केलं. बाहेरचा पत्रा, सीट, लाकडी हौदा सगळं एकेक करून झालं. डॅशबोर्ड मी शेवटी ठेवला होता, पानावरच्या गोडासारखा. कारण माझी लॉरी म्हणजे डॅशबोर्डच. लहानपणी मी इंजिनच्या झाकणावर पोतं टाकून बसायची. खालून चटके, समोर तो लोखंडी पत्रा, त्यात चार गोल घड्याळं, आणि एकातही वेळ नाही. वेगाचा काटा सदा थरथरायचा. तेलाचा काटा सुस्त. पेट्रोलचा काटा खोटं बोलायचा, अप्पा त्याच्याकडे बघायचेच नाहीत, काठी घालून टाकी मोजायचे. आणि करंटचा छोटा काटा, तो दिवे लावले की दचकायचा. तिरुवैयारुला केळीची पानं पोचवायला जाताना कावेरीच्या पुलावर अप्पा मुद्दाम दिवे लावायचे आणि विझवायचे, तो काटा दचकावा म्हणून. मी हसून हसून पोत्यावरून घसरायची.

तो डॅशबोर्ड उतरवायचा रविवार मला आजही दिवसभर पुरतो. आधी बॅटरीची तार काढली. मग मी पाठीवर, पायांच्या जागी डोकं घालून, टॉर्च दातात धरून पत्र्याच्या मागे गेले. मागे तारांचं जंगल. अप्पा सीटवर बसून सांगत होते आणि मी प्रत्येक तार सुटी करताना तिला रंगीत दोऱ्याची गाठ मारत होते: अत्याच्या वेणी गुंफायच्या दोऱ्यांची लाल, पिवळी, हिरवी. घड्याळं मागून पितळेच्या खरखरीत चकत्यांनी आवळलेली असतात, त्या बोटांनीच फिरतात. पहिली चकती फिरली तेव्हा मी ओरडलेच. वेगाच्या घड्याळाची केबलही हाताने सुटली. शेवटी वरच्या कडेचे रुंद खाचेचे स्क्रू. ते गंजून बसले होते. त्यांना तेल पाजून, जेवून, झोपून आल्यावर एकेक कुरकुरत उठले. पत्रा सैल झाला आणि सगळा डॅशबोर्ड माझ्या छातीवर आला. त्याच्यामागून कोंबडीचं पीस, एक वाळलेली पाल आणि माझ्या शाळेची रिबन निघाली.

"रिबन माझी," मी म्हणाले.

"पालही तुझीच," अप्पा म्हणाले. "तेव्हां तूंच बघून रडत होतीस."

त्या पत्र्यावर प्रत्येक घड्याळाच्या वर एकेक काळपट तांबडा डाग होता. अत्याच्या बोटाचा. दर आयुधपूजेला ती त्याच जागी गंध लावून त्यावर कुंकू टेकवायची. हळद, चुना, कुंकू, वर्षानुवर्षं. रंग तिथे फुगून उठला होता आणि खालचं लोखंड खाल्लं गेलं होतं. अत्या जवळ येऊन बघून गेली. तिने नापसंतीने माझ्याकडे पाहिलं, जणू तो गंज मीच चढवला होता. "पूजेचं होतं ते," म्हणाली. "घासून टाकणार कां?" मी म्हणाले, नवमीला नवीन लाव. ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली, पण मान हलवली नाही.

पत्रा मी तंजावूरला बसने नेला, जुन्या साडीत गुंडाळून. कंडक्टरने विचारलं, हे काय? मी म्हटलं, डॅशबोर्ड. तो म्हणाला, मग बस कुठे आहे? अख्खी बस हसली. तिथून पुढे माझ्या मांडीवरचं ओझं सगळ्यांचं झालं. एका म्हाताऱ्याने घड्याळांच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, किती स्पीड लागतो?

मागच्या पडवीत पाण्यात घासकागद बुडवून मी घासत बसायची. संध्याकाळी शाळेतून आले की चहा घ्यायचा आणि घासायला बसायचं. समोरच्या खोलीत बाहुल्यांची नवरात्राची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी चढत होती आणि मागे माझे रंगाचे थर उतरत होते. वरती चंदेरी, तो अप्पांनी शेवटी शेवटी हौसेने मारलेला, लॉरीला विमानासारखं दिसावं म्हणून. त्याखाली तपकिरी, तो माझ्या आठवणीतला. त्या तपकिरीतूनच आम्ही एकदा एका नवरीमुलीचा अख्खा संसार पट्टुक्कोट्टैला नेला होता, आणि नवरी तिच्या आईशेजारी बसायचं सोडून माझ्याशेजारी इंजिनच्या झाकणावर येऊन बसली होती, नथीसकट. तपकिरीखाली निळा. निळा मला माहीतच नव्हता. "तुझ्या जन्माआधीचा," अप्पा म्हणाले. प्रत्येक थराशी हात थांबायचा, आणि थांबला की अप्पा आतून विचारायचे, काय आलं? आम्ही दोघं भुकेल्या माणसांसारखे त्या पत्र्यावर तुटून पडलो होतो. मला शाळेत फळ्यावर समीकरण लिहितानासुद्धा बोटांखाली ओला घासकागद लागायचा.

निळ्याच्या खाली गंज लागला, आणि खरा पहिला रंग हरवला असं मला वाटलं. अप्पा म्हणत होते, ती हिरवी होती. मी म्हणत होते, तुम्ही शेतात वाढलात म्हणून तुम्हाला सगळं हिरवं दिसतं. मग एका संध्याकाळी करंटच्या घड्याळाच्या भोकाभोवतीचं जुनं रबर काढलं आणि त्याच्याखाली बोटभर रुंदीचं एक कडं निघालं. फिकट हिरवं, चकचकीत, कुणी हात न लावलेलं. मी पत्रा उचलून तशीच अप्पांकडे पळाले. ओला पत्रा त्यांच्या धोतरावर ठेवला. त्यांनी मान थोडी वाकडी केली, त्यांना आता तसं बघावं लागतं, आणि ते कडं आपल्या लिंबाएवढ्या जागेत नेमकं आणलं.  मग दोन्ही हातांनी पत्रा धरून ठेवला, आणि मला तो परत घेता येईना.

रंग जुळवायला सेल्वमकडे गेलो. स्टेशनरोडच्या बाजूला त्याचं गाड्या रंगवायचं दुकान. त्याने पहिल्यांदा मिसळलं ते अप्पा उन्हात नेऊन म्हणाले, हा पोपट. दुसऱ्यांदा, हे दवाखान्याच्या भिंतीचं. सेल्वम तमिळमध्ये मला हळूच म्हणाला, अक्का, यांना दिसत नाही म्हणाला होतात ना? तिसऱ्या वेळी अप्पा नुसते उभे राहिले. लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी रोपाने जीव धरल्यावर शेताचा जो रंग होतो, तो. मला रडू आलं. रंगाच्या दुकानात थिनरने डोळ्यांत पाणी आलं म्हटलं की कुणी विचारत नाही, ही एक सोय.

आणि मग नवमी. सकाळीच आम्ही ओरत्तनाडूला पोचलो. हिरवा डॅशबोर्ड नव्या साडीत गुंडाळलेला, काचा पुसलेल्या, काटे शून्यावर. मी घड्याळं पत्र्यात बसवली, दोऱ्यांच्या गाठी बघून तारा जोडल्या. पत्रा जागेवर टेकवला. आता फक्त आवळायचं होतं. घामाने मी निथळत होते आणि अत्या दारातून म्हणाली, "नहाण कर आधी. पूजा व्हायची आहे. असं घामेजून पूजेस बसूं नये." मी विहिरीवर गेले. केस धुतले, घाईत नाही, कारण काम जवळजवळ झालं होतं आणि मला गाणं म्हणायचं होतं.

ओल्या केसांनी परत आले तर घंटा वाजत होती. देवघराच्या खोलीत पाटावर, केळीच्या पानावर, सरस्वतीच्या तसबिरीसमोर माझी पुस्तकं, अत्याची विळी, कोयता, खुरपं, आणि त्यांच्या पुढे माझा हत्यारांचा अख्खा डबा रिकामा करून मांडलेला. नट आवळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत. पक्कड. दोन्ही स्क्रूड्रायव्हर. सगळे धुऊन पुसून, प्रत्येकाला गंधाचा ठिपका, ठिपक्यावर कुंकू. आरती चालू.

आणि एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आमच्याकडे मूलसुद्धा त्या दिवशी पुस्तक उघडत नाही, आणि त्याबद्दल कधी रडत नाही.

"डबा कुणी दिला?" मी आरती संपल्यावर विचारलं.

अत्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी जमिनीकडे पाहिलं. "मीच दिलों," ते म्हणाले. "दर वर्षी देतोंच की. तिनें मागितलं, मी नेऊन दिलों. हातालाच सवय. डोक्यानें विचारलंच नाही."

ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं त्याने स्वतःच्या हाताने आपलं काम पूजेला बसवलं होतं. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की राग गिळून टाकला. शेजारी जाऊन मागावं तर कुणाकडे? त्या दुपारी अख्ख्या ओरत्तनाडूत एक पाना मोकळा नव्हता. सगळी दुकानं बंद, सगळ्या मेकॅनिकांची हत्यारं गंध लावून पाटावर बसलेली. मागितलं असतं तर लोकांनी मला प्रेमाने जेवायला बसवलं असतं, पाना दिला नसता.

"अत्या, एकच स्क्रूड्रायव्हर," मी म्हणाले.

"सरस्वतीच्या पुढून? आणि उद्यां माधूच्या डोळ्यास सुरी लागायची आहे तेव्हां?" अत्या पाटाच्या आड येऊन उभी राहिली. तेव्हा मला कळलं की ती हट्ट करत नव्हती. ती घाबरली होती. तिच्या लहान भावाच्या डोळ्यांसाठी तिने मुहूर्त काढला होता आणि त्याच्या आदल्या दिवशी तिला एकही चूक नको होती.

मग मी आणि अप्पा हातांनीच लागलो. जे बोटांनी फिरतं ते बोटांनी. पितळी चकत्या मी दात-ओठ खाऊन आवळल्या. खालच्या नटांना फडक्यात धरून वळवलं. करंटच्या घड्याळाच्या तारा ढिल्या राहिल्या तर गाडी सुरूच व्हायची नाही, त्यांवर मी अंगठ्याचं कातडं खर्ची घातलं. अप्पा बाजूला बसून, मान वाकडी करून, काय राहिलं ते सांगत होते. ऊन शेडच्या बाहेर गेलं. अत्या सुंडल, म्हणजे नैवेद्याची हरभऱ्याची उसळ, करून घेऊन आली आणि आमच्याजवळ उभी राहिली. शेवटी राहिले ते वरच्या कडेचे रुंद खाचेचे दोन स्क्रू. ते नसतील तर पत्रा अप्पांच्या गुडघ्यांवर येणार. रुपयाचं नाणं लावून पाहिलं, जाड पडलं. नखाने पाहिलं, नख गेलं. चमच्याची कड वाकली. मी तोंडावर हात घेऊन पायरीवर बसले.

अत्या आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पूजेची पितळी पळी होती, तीर्थ द्यायची. तिच्या दांड्याचं टोक चपटं आहे, जुन्या पळीचं असतं तसं, नागाच्या फण्याचं.

"ही आयुध नव्हे," अत्या म्हणाली. "ही पूजेच्या कामांतच असते, पूजेस बसत नाही. बघ बसते कां."

बसली. खाचेत जणू मापाने केलेली. मी दाबून फिरवली, पळी घसरली, नव्या हिरव्या रंगावर एक ओरखडा उठला, आणि अत्या आणि मी दोघींनी एकदमच जिभा चावल्या. पण स्क्रू फिरला. दुसराही फिरला. अप्पांनी पत्र्याला हाताने हलवून पाहिलं. तो हलला नाही.

मग अत्याने चार घड्याळांवर चार ठिपके लावले, जिथे ती लावायची तिथेच. चाकांखाली चार लिंबं ठेवली. अप्पा चढले. मी शेजारी बसले, हात हॅन्डब्रेकवर, कारण अंगणात समोर कुणी नव्हतं तरी माझं काळीज माझ्या ताब्यात नव्हतं. अप्पांनी किल्ली फिरवली. एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, तिसऱ्यांदा सगळी शेड हादरली आणि पत्र्यावरचे कावळे उडाले. तेलाचा काटा सुस्त वर आला. अप्पांनी दिवे लावले. करंटचा काटा दचकला.

मला वाटलं होतं ते समोर बघतील. त्यांनी समोर पाहिलंच नाही. मान वाकडी करून त्यांनी आपलं ते लिंबाएवढं दिसणं डॅशबोर्डवर ठेवलं होतं आणि ते हळूहळू एका घड्याळावरून दुसऱ्यावर सरकवत होते. दिवे विझवले. पुन्हा लावले. काटा पुन्हा दचकला, आणि मी लहानपणी पोत्यावरून घसरायची तितकीच हसले. मग क्लच सुटला, आणि खालून चार लिंबांचा एकापाठोपाठ फुटल्याचा आवाज आला. इंजिनच्या आवाजात लिंबं ऐकू येत नाहीत असं मला लोक सांगतात. आम्हाला आली.

ऑपरेशन झालं. उरलेलं टिकलं. लिंबाएवढंच, पण टिकलं. डॉक्टर याला यश म्हणतात आणि मीही म्हणते. यंदा सेल्वम स्वतःहून म्हणाला की तो ओरखडा पाच मिनिटांत बुजवून देतो. अप्पांनी त्याला सुंडल देऊन परत पाठवलं. कडेचं दिसत नसल्यामुळे त्यांचा हात डॅशबोर्डवर चाचपडत जातो, आणि बोट ओरखड्यावर आलं की त्यांना कळतं, इथून वीतभर डावीकडे किल्ली.

बस थांबली. मी हत्यारांचा डबा घेऊन उतरले, यंदा काही आवळायचं नव्हतं तरीही. अप्पा आदल्या दिवशीच अत्याकडे आले होते. नहाणं झालं आणि आत गेले तर पाटावर केळीच्या पानावर सगळे पाने रांगेत, पक्कड, विळी, खुरपं. आणि रांगेच्या शेवटी, दोन्ही स्क्रूड्रायव्हरांच्या शेजारी, घासून लखलखीत केलेली पितळी पळी. तिलाही गंधाचा ठिपका, त्यावर कुंकू.

मी अत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघेना. आरती झाल्यावर तिने आम्हाला तीर्थ दिलं ते स्वयंपाकघरातल्या चहाच्या चमच्याने. अप्पांनी ओंजळ पुढे केली, तीर्थ घेतलं, ओला हात डोळ्यांवरून फिरवला, आणि म्हणाले, "अक्का, लिंबं ठेव."